थोड्या पैशात चौरस जेवण: मुंबईच्या चुलींचा हिशोब



आम्ही साकीनाक्याच्या बायका बोलतोय. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचा हा नाका. वरून मेट्रो धावते, खाली रिक्षा आणि टेम्पो एकमेकांना खेटून उभे असतात. नाक्याच्या आजूबाजूला खैरानी रोड, मोहिली गाव, काजूपाडा, जरीमरी अशा वस्त्या आहेत. लहान लहान गाळ्यांत शिवणकाम चालतं, सुटे भाग बनतात, भंगार निवडलं जातं. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा, कुणाचे मालक इथे कामाला असतील. आमचीही माहेरं सातारा, रत्नागिरी, जालना, बीड अशीच विखुरलेली आहेत.

आजचा विषय आहे थोड्या पैशात चौरस आहार. या विषयावर बोलणं निघालं की बहुतेक वेळा बाईला उपदेश ऐकावा लागतो. "बाई हुशार असेल तर भागवते", असं म्हणतात. म्हणजे भागलं नाही तर ती हुशार नाही! म्हणून आज आम्ही आधी मुंबईच्या कष्टकऱ्यांच्या जेवणाचा इतिहास सांगणार आहोत आणि मग ताटाकडे येणार आहोत. काटकसर तर आपल्या आज्या-पणज्यांनीही केली. पण नुसत्या काटकसरीनं ताट भरलं का, की त्याला आणखी काही लागलं, हे बघूया.

गिरणी आणि खानावळ

मुंबईत पहिली कापड गिरणी ताडदेवला उभी राहिली. तिची स्थापना १८५४ ची. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून, देशावरून माणसं यायला लागली. आमच्या जवळ कुर्ल्यालाही स्वदेशी मिल होती. येणारे बहुतेक पुरुष एकटे असायचे. बायको-मुलं गावाला शेती बघायची. एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच जागेत पथारी टाकायची.

मग या माणसांना जेवू कोण घालणार? तर चाळीतली एखादी बाई. कधी नवरा वारलेला, कधी आजारी, कधी त्याच्या पगारात भागत नाही. ती आपल्याच खोलीत दहा-वीस जणांचा स्वयंपाक करायची. हीच खानावळ, आणि तिला म्हणायचे खानावळवाली. दोन वेळचं जेवण, आमटी, भात, भाकरी किंवा चपाती, एखादी भाजी. कोकणातला असेल तर कालवणाला सुकट-बोंबील, घाटावरचा असेल तर झणझणीत रस्सा. ज्याला जशी चव, तसं वाढायचं.

आता हिशोब ऐका. जेवणारे पैसे द्यायचे महिन्यानं, पगार झाल्यावर. पण धान्य, तेल, रॉकेल तर रोज लागतं. मग बाई वाण्याकडून उधार आणायची. उधार घेणाऱ्याला वाणी भाव लावेल तो भाव आणि देईल तो माल. वाणी थांबेना झाला की सावकार. अंगावरचं मणी-मंगळसूत्र, घरातली भांडी गहाण पडायची. वीस माणसांना पोटभर जेवू घालणारी बाई स्वतः कर्जात असायची आणि शेवटी जेवायची. तिच्या हुशारीत काय कमी होतं? काहीच नाही. तिच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला रोख पैसा नव्हता, एवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

रेशनची पहिली पिशवी

दुसरं महायुद्ध सुरू होतं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईत भात खाणारी माणसं खूप. दुकानात तांदूळ मिळेना, मिळाला तर परवडेना. त्याच सुमाराला बंगालमध्ये भयानक दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून गेली. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात रेशन सुरू झालं. माणशी ठरलेलं धान्य, ठरलेल्या भावात. तांदूळ पुरत नव्हता, म्हणून जोडीला गहू आणि ज्वारी-बाजरीही घ्यावी लागायची. पेज आणि भातावर वाढलेल्या कोकणी बायकांना गव्हाची कणीक मळावी लागली. कुरकूर झाली, रांगा लागल्या, धान्यात खडे निघाले. तरीही ठरलेल्या भावाचं धान्य ही गरिबाच्या घरात आलेली नवी गोष्ट होती.

१९५४ मध्ये देशातली धान्यावरची नियंत्रणं उठली. पण साठच्या दशकात पुन्हा टंचाई आली. अमेरिकेहून गहू आणावा लागत होता. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि अनेक घरांनी ते पाळलं. त्यानंतर १९६६ मध्ये महाराष्ट्रात शिधावाटपाचा नवा आदेश आला. रेशनकार्ड हा मुंबईच्या घरातला सगळ्यात जपून ठेवलेला कागद झाला तो या काळात. कार्ड पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फोटोमागे. तुमच्याकडेही असंच ठेवतात ना?

बहात्तर साल: गावात सुकडी, शहरात लाटणं

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या आज्यांना आम्ही काय सांगावा? त्यांनीच तो अंगावर काढला. विहिरी आटल्या, जनावरं दावणीवरून सोडून द्यावी लागली. सरकारनं दुष्काळी कामं काढली आणि हजारो बायका खडी फोडायला, माती वाहायला, तळी खोदायला उभ्या राहिल्या. रेशनवर लाल ज्वारी आली, मिलो म्हणायचे तिला. त्या भाकरीची चव आठवली की अजून काही जणी तोंड वाकडं करतात. कामावर सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, गोडसर. कितीतरी पोरं त्या सुकडीवर जगली. याच कामांतून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सबंध देशाला रोजगार हमीचा कायदा मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये.

त्याच वेळी मुंबईत काय चाललं होतं? धान्य, साखर, तेल, रॉकेल दुकानातून गायब. काळ्या बाजारात मात्र हवं तेवढं. तेव्हा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाई विरोधी संयुक्त महिला आघाडी उभी राहिली. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबर अनेक जणी होत्या. पक्षांचं आपसात जमत नव्हतं, पण रिकाम्या डब्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मृणालताई गोरेगावच्या. पाण्यासाठी त्या इतक्या लढल्या की लोक त्यांना "पाणीवाली बाई" म्हणायचे. गोरेगाव काही आमच्यापासून लांब नाही. त्या काळी उपनगरांत पाणी, रस्ता, रेशन दुकान सगळ्याचीच वानवा होती. वस्त्यावस्त्यांतून बायका निघाल्या. हातात काय घेतलं? स्वयंपाकघरात जे होतं ते. लाटणं आणि थाळी. हजारो बायकांनी रस्त्यावर थाळ्या वाजवल्या. हाच तो लाटणं मोर्चा. मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना घेराव घातले, धान्य दडवून ठेवणाऱ्यांना जाब विचारला. ज्या बाईनं घराबाहेर कधी मोठ्यानं शब्द काढला नव्हता, ती तेलाचा भाव विचारायला मंत्रालयापर्यंत गेली.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली, पुढाऱ्यांची धरपकड झाली, मृणालताई आणि अहिल्याताई दोघींनाही तुरुंगात जावं लागलं. आंदोलन थांबलं. पण एक गोष्ट बायकांच्या मनात पक्की झाली होती. घरातल्या पिठाच्या डब्याचा संबंध गोदामाशी, भावाशी आणि सरकारशी आहे. डबा रिकामा असेल तर दोष फक्त घरच्या बाईचा नसतो.

चौदा खानावळवाल्या

आता परत खानावळवालीकडे येऊ. १९७४ मध्ये गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. संपात पगार नाही, म्हणजे खानावळीचे पैसेही नाहीत. पण या बायकांनी कामगारांना जेवू घालणं बंद केलं नाही. त्या आणखी कर्जात गेल्या. संप कुणी लढवला याच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. संपकऱ्यांच्या पोटात भाकरी कुणी घातली, हे मात्र कमी जण विचारतात.

प्रेमाताई पुरव यांनी ते विचारलं. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात तरुणपणीच उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांनी खानावळवाल्यांना एकत्र केलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू झालं. तेव्हा बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहाच वर्षं झाली होती. गरिबांना चार टक्के व्याजानं कर्ज द्यायची योजनाही आली होती. पण खानावळवालीला बँकेत उभं कोण करणार? तिच्याकडे ना जमीन, ना जामीन, ना सही करता येत. प्रेमाताईंनी बँकेला पटवलं. सुरुवातीला चौदा जणींना प्रत्येकी पंधराशे रुपये मिळाले. एकीनं दुसरीची जबाबदारी घ्यायची, हप्ते वेळेवर भरायचे. त्यांनी ते भरले.

पंधराशे रुपयांनी काय झालं? बाईला महिन्याच्या सुरुवातीला रोख धान्य घेता आलं. मग भाव करता आला, माल निवडता आला, एकदम जास्त घेता आलं. सावकाराच्या व्याजात जाणारा पैसा घरात राहिला. पुढे मंडळ वाढलं, हजारो बायका त्यात आल्या. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली ती १९९२ मध्ये, म्हणजे अन्नपूर्णा मंडळानंतर सतरा वर्षांनी. तुम्ही आज गटात बसून अंतर्गत कर्ज देता, एकमेकींच्या हप्त्याची हमी घेता, ती वाट या चौदा खानावळवाल्यांनी आधीच चालून दाखवली होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. एकेक गिरणी बंद पडत गेली. काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं, उपनगरांतल्या लहान गाळ्यांत गेलं. साकीनाक्यासारख्या ठिकाणी आज जी माणसं राबतात, त्यांना गिरणीसारखा महिन्याचा पगार नाही, युनियन नाही. अनेकांना आठवड्याचा किंवा रोजचा पैसा मिळतो. आणि पैसा जसा येतो, तसंच धान्य घरात येतं.

सुटं घेणं महाग पडतं

आमच्या वस्तीतलं सांगतो. रोज मजुरी मिळते म्हणून रोज किराणा आणायचा. पावशेर डाळ, तेलाची छोटी पिशवी, दोन-चार रुपयांची हळद-मिरची. सुटं घेतलं की किलोमागे जास्त पैसे जातात. पोतं घ्यायचं म्हटलं तर रोख नाही, आणि रोख असली तरी दहा बाय बाराच्या खोलीत पोतं ठेवायचं कुठे? उंदीर आहेत, पावसाळ्यात ओल आहे. आमच्यातल्या काही जणींनी यावर मार्ग काढला. पाच-सहा घरांनी मिळून डाळ, शेंगदाणे, गूळ एकदम घ्यायचे आणि त्याच दिवशी वाटून टाकायचे. जागेचा प्रश्न येत नाही आणि भावही कमी पडतो. भाजी रात्री उशिरा, बाजार उठताना घ्यायची. तेव्हा पालेभाजीचा वाटा निम्म्या भावात मिळतो. कोमेजलेली पानं पाण्यात टाकली की उभी राहतात. फक्त कुजलेली घ्यायची नाहीत.

गावातही हेच आहे, फक्त उलट बाजूनं. सुगीत ज्वारी, तूर स्वस्तात विकायची आणि आषाढात तीच महाग घ्यायची. गटानं सुगीत थोडं थोडं धान्य बाजूला ठेवलं, तर हा तोटा वाचतो.

रेशनचंही सांगायला हवं. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो धान्य हा कायद्यानं हक्क झाला. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. याच कायद्यानं सांगितलंय की रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव असावं. तुमच्या कार्डावर कुणाचं नाव आहे ते आज घरी गेल्यावर बघा.

दुसरं, तुमच्या घरचा माणूस साकीनाक्याला असेल आणि नाव गावच्या कार्डावर असेल, तर त्याच्या वाट्याचं धान्य त्याला इथल्या रेशन दुकानातून अंगठा लावून घेता येतं. उरलेलं तुम्ही गावाला घेऊ शकता. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय सुरू झाली, आता ती देशभर आहे. त्यासाठी कार्डाला प्रत्येकाचं आधार जोडलेलं हवं. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण इथे बाजारभावानं तांदूळ विकत घेतात.

आता ताटाकडे

रेशनवर मिळतो गहू आणि तांदूळ. त्यानं पोट भरतं, पण ताट चौरस होत नाही. त्याच्या जोडीला काय हवं, ते आपल्या जुन्या जेवणातच आहे.

धान्याबरोबर डाळ किंवा कडधान्य हवंच. भाकरीत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी असतं ते भाकरीत. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी या जोड्या आपल्या बायकांनी उगाच नाही जमवल्या. तुरीची डाळ महाग झाली तर हुलगा, मटकी, चवळी, मसूर, हरभरा यांतलं जे स्वस्त असेल ते घ्या. मोड आणले की शिजायला इंधन कमी लागतं आणि पचायलाही हलकं.

शेंगदाण्याला कमी लेखू नका. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. मूठभर दाणे आणि गुळाचा खडा हा शाळेतून आलेल्या पोराचा खरा खाऊ. पाच रुपयांच्या चटपटीत पाकिटात तळलेलं पीठ आणि मीठच जास्त असतं.

नाचणी विसरू नका. वजनाला वजन धरलं तर नाचणीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं. दूध रोज परवडत नसेल त्या घरात सकाळी नाचणीची आंबील असावी. पालेभाजी, शेवग्याचा पाला, अंबाडी, राजगिरा, तांदुळजा यांतलं काही तरी रोज हवं. त्यावर लिंबू पिळा किंवा जेवणात आवळा, कच्चा टोमॅटो ठेवा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर ते लोह वाया जातं. तासभर थांबा. मासे खाणाऱ्या घरात सुका जवळा मूठभर टाकला तरी कालवण होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं शिजवलं, तरी वाढायचं कुणाला किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे दोघींमधली एक. एवढी वर्षं आपण ज्याला काटकसर म्हणत आलो, त्यातली पुष्कळशी काटकसर बाईच्या ताटातून झालेली आहे. मुलांना डाळीचा घट्ट भाग, मालकांना भाजी, आणि आपल्याला पातेलं धुतल्यासारखी आमटी आणि शिळी भाकरी. खर्चाच्या वहीत हे कुठे लिहिलं जात नाही, पण भागतं ते यावरच. पोरगीच्या ताटातही हेच येतं. ती वयात येते, पाळी सुरू होते, तेव्हा तिला लोहाची सगळ्यात जास्त गरज असते आणि वाढताना तिला सगळ्यात कमी वाढलं जातं.

यावर उपाय फुकटचा आहे. वाढायला बसण्याआधी सगळ्यांची ताटं एकदम वाढायची, आपलंही. भाजी कमी असेल तर सगळ्यांना कमी. आमच्यात काही घरांत हे सुरू झालं तेव्हा सासूबाई रागावल्या. मग त्यांचंही ताट आधी वाढलं, त्यांच्याही वाट्याला घट्ट वरण आलं, आणि राग उतरला.

तेव्हा मैत्रिणींनो, "हुशार बाई भागवते" हे वाक्य आपण आता असं म्हणूया: धान्य ठरल्या भावानं मिळालं, हातात वेळेवर पैसा आला आणि बायका एकत्र असल्या, तर घर नीट जेवतं. त्रेचाळीस सालच्या रेशननं, बहात्तरच्या लाटण्यांनी आणि पंच्याहत्तरच्या चौदा खानावळवाल्यांनी आपल्याला हे दाखवून दिलंय.

गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. प्रत्येकीनं रेशनकार्ड आणायचं आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, किती धान्य मिळायला हवं आणि किती मिळतं, हे वाचायचं. सुगीत गटानं मिळून कोणतं एक कडधान्य साठवायचं ते ठरवायचं. आणि काल रात्री आपण स्वतः काय जेवलो, हे प्रत्येकीनं खरं खरं सांगायचं. तिसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ द्या. पहिली बोलली की बाकीच्या बोलतील.

पीठ चाळताना आमची आठवण ठेवा. नमस्कार.